पैसे मोजलेत आम्ही!

वैजापुरात दिवाळीच्या आधी आणि पुन्हा एप्रिलमध्ये एक जाहिरात फिरते. पूर्वी ती वर्तमानपत्रात घालून यायची, आता मोबाईलवर येते. मजकूर तोच असतो. निळा समुद्र, शांत किनारा, निवांत क्षण. तारकर्ली-मालवण-गोवा, चार रात्री पाच दिवस, चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, सोबत आपला आचारी. यातला आचारी तेवढा खरा असतो, बाकी थाप.

आचाऱ्यासोबत दोन सिलिंडर येतात, भली मोठी शेगडी येते, काळ्या मसाल्याचा डबा येतो, पिठाची पोती येतात. म्हणजे सहाशे किलोमीटर जायचं, समोर बांगड्या-सुरमईचा बाजार मांडलेला बघायचा, आणि ताटात घ्यायची शेवभाजी. शाकाहारी मंडळींनी मासे खावेत असं मी म्हणत नाही. पण कोकणात घावणे आहेत, आंबोळ्या आहेत, काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे, फणसाची भाजी आहे. त्यातलं एकही या ताटात येत नाही, कारण 'तिकडचं सगळं खोबऱ्याचं, गोडं लागतं' हा निकाल वैजापुरातच लागलेला असतो.

आता कार्यक्रम बघा. रात्री नऊला निघायची गाडी साडेअकराला हलते. नगर, पुणे झोपेत जातं. सकाळी कराडच्या अलीकडे-पलीकडे कुठल्यातरी ढाब्यावर तोंडं धुवायची. कोल्हापुरात अंबाबाई. वेळ उरला तर ज्योतिबा. वेळ उरत नाही, तरी ज्योतिबा. मग गगनबावड्याच्या नाहीतर फोंड्याच्या घाटात निम्म्या गाडीला उलट्या, आणि अंधार पडता पडता मालवण. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, स्कुबा, डॉल्फिन, पॅरासेलिंग, देवबागचा संगम, 'त्सुनामी आयलंड' आणि सूर्य बुडायच्या आत रॉक गार्डन. तिसऱ्या दिवशी गोवा. अख्खा गोवा, चर्च आणि मंगेशीसकट. चौथ्या दिवशी उलटं फिरून गणपतीपुळे. पाचव्या दिवशी पहाटे सुजलेल्या पायांनी बसस्टँडसमोर उतरायचं आणि सांगायचं, 'लई रिलॅक्स झालो.'

या सगळ्यात वाळूवर नुसतं बसायला किती वेळ मिळाला, ते कुणी विचारू नये. व्यवस्थापक शिट्टी फुंकतो, तेव्हा लोक निमूट उठतात. आपापल्या घरी कुणाच्या बापाचं न ऐकणारी माणसं शिट्टीवर उठतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

समुद्राच्या ओढीला मी नावं ठेवणार नाही. आमच्या तालुक्यात पाऊस पडतो तो सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही ज्या वर्षी सरासरी पाळतो त्या वर्षी. नारंगी-सारंगीत पाणी आलं की लोक सहकुटुंब धरण बघायला जातात. गोदावरी तालुक्याच्या दक्षिण कडेने जाते, पण तिचं पाणी आमचं किती, हे नाशिकच्या धरणांतून किती सोडलं जातं त्यावर ठरतं. नांदूर-मधमेश्वर कालव्याचं आवर्तन सुटलं की नाही, टेलपर्यंत पोचलं की मधल्यांनीच गेट वाकवून घेतलं, यावर इथल्या चहाच्या टपऱ्या चालतात. तालुक्यातल्या रामकृष्ण गोदावरी उपसा योजनेचं पाणी बंद पडलं आणि कर्जाचा बोजा मात्र वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर राहिला. अशा मुलखातला माणूस नजर पोचेल तिथवर पाणी बघून हरखला, तर त्यात नवल काय?

मला राग आहे तो त्या माणसाच्या तोंडात कोल्हापूर ओलांडल्यावर येणाऱ्या एका वाक्याचा. 'पैसे मोजलेत आम्ही.' खोलीत गरम पाणी दहा मिनिटं उशिरा आलं, पैसे मोजलेत आम्ही. होडीवाला जॅकेट घाला म्हणाला, पैसे मोजलेत आम्ही. रात्री अकरानंतर स्पीकर बंद करा म्हणाले, पैसे मोजलेत आम्ही. वर्षभर तलाठ्यापुढे, बँकेच्या शाखाधिकाऱ्यापुढे, आडत्यापुढे हात जोडून उभा असणारा माणूस चार दिवसांसाठी साहेब होतो, आणि साहेब कसा वागतो हे त्याने आयुष्यभर समोरून बघितलेलं असतं.

पाण्याचंच घ्या. देवबाग म्हणजे कर्ली नदीची खाडी आणि समुद्र यांच्या मधली वाळूची चिंचोळी पट्टी. अशा पट्टीवरच्या विहिरींचं गणित शेतकऱ्याला सांगावं लागू नये. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. बेताने उपसलं तर वर्षभर पुरतं. मोटर दिवसभर चालवली की खालचं खारं वर चढतं, आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरं, पण तो जांभ्यातून आणि वाळूतून समुद्राला मिळतो. कोकणातल्या वाड्यांवर मे महिन्यात टँकर जातो, तो काही सहलीला जात नाही.

आणि आमची मंडळी काय करतात? समुद्रातून आले की अंघोळ. किल्ल्यावरून आले की अंघोळ. पोरांच्या अंगाला वाळू लागली, पुन्हा अंघोळ. खोली घेताना पहिला प्रश्न असा की स्विमिंग पूल आहे का? दारात अरबी समुद्र आणि आत पोहायचा हौद! आमच्या घरी नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, तेव्हा भांडी घासलेलं पाणी आम्ही झाडाला घालतो. ती शिस्त गगनबावड्याच्या घाटात उलटीबरोबर पडते. घरवाल्या काकींनी दुपारी मोटर बंद केली, म्हणून आमच्या एका सहप्रवाशाने मोबाईल काढून त्यांना तिथल्या तिथे एकच तारा देण्याची धमकी दिलेली मी पाहिली आहे. हाच गृहस्थ कालव्याच्या आवर्तनासाठी उपोषणाला बसलेला होता. वरच्या धरणवाल्यांनी पाणी अडवलं की २००५ चा कायदा, समन्यायी वाटप, उच्च न्यायालय, सगळं त्याला तोंडपाठ. मालवणात मात्र तो स्वतःच वरचा धरणवाला झाला होता आणि ते त्याच्या गावीही नव्हतं.

सिंधुदुर्ग किल्ला या बाबतीत चांगला धडा देऊ शकला असता. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. चहूकडे खारं पाणी, आणि आत तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही गोड्या. जमिनीत पाचशे-सहाशे फूट बोअर मारून धूळ काढणाऱ्या तालुक्यातल्या माणसाने त्या विहिरींच्या कठड्यावर अर्धा तास डोकं धरून बसायला हवं. आम्ही तिथे पाठ करून उभे राहतो, फोटो काढतो, आणि खाली वाकून बघणारी पोरं वेफर्सची पिशवी आत सोडतात. वाटाड्या सांगत असतो तेव्हा एखादे आप्पा मध्येच विचारतात, 'इथं चहा कुठं मिळतो?'

आता जीवावरचं. याच्यावर थट्टा करायची माझी इच्छा नाही.

आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात. कंबरेला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून बापाने ढकललं की आठवड्याभरात पोरगं मुटका मारायला लागतं. त्या पोहण्याचा आम्हाला फार अभिमान. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. तिथे कला आहे ती तरंगण्याची आणि कपारीला धरण्याची. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात घसरून पट्टीचे पोहणारे बुडतात, हे दर उन्हाळ्यात आम्ही वाचतो; कारण तिथे धरायला कपार नसते. समुद्रात कपारही नाही आणि पाणी जागेवरही नाही.

लाटा फुटून किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट पट्टीतून ते जोराने आत ओढलं जातं. मजा अशी की त्या पट्टीत लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना फेस उसळत असतो आणि मधलं पाणी सपाट, गरीब दिसतं. बायकापोरांना घेऊन आम्ही नेमके तिथे उतरतो, कारण 'इथं लाटा नाहीत'. पाय सुटले की माणूस किनाऱ्याकडे तोंड करून सगळ्या ताकदीनिशी हात मारतो आणि दमून बुडतो. करायचं उलटं असतं. घाबरायचं नाही, तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर आडवं पोहून त्या पट्टीबाहेर पडायचं; मग लाटाच माणसाला आणून सोडतात. एवढी चार वाक्यं सहलीच्या गाडीत माईकवर सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या माईकवर कोल्हापूरपासून मालवणपर्यंत अंताक्षरी चालते.

किनाऱ्यावरचा टपरीवाला सांगतो, 'खोल जाव नकात, हय ओढ आसा.' त्याला आमच्यातलं एक गंगथडीचं पोरगं उत्तर देतं, 'आम्ही गोदावरीत पोहतो.' गोदावरीत! वाळू उपसून उपसून केलेल्या डबक्यात.

१ फेब्रुवारी २०१६ ला रायगडमधल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुलं-मुली गेली. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले ८ जण गेले. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबाहून परतणारी, २० पर्यटक असलेली होडी उलटली आणि दोघे दगावले. पावसाळ्यासाठी जलक्रीडा २६ मेपासून बंद होतात. म्हणजे बंदीला दोन दिवस उरले होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात वारा फिरलेला असतो, पाणी उचललेलं असतं, हे तिथल्या शेंबड्या पोराला कळतं. पण गाड्यांची रांग लागलेली असते, प्रत्येक गाडीत एक आप्पा असतात, आणि आप्पांनी पैसे मोजलेले असतात. 'उद्या या' म्हणणाऱ्या होडीवाल्याला सोडून ते 'चला' म्हणणाऱ्याकडे जातात. वारा बघून होडी बांधून ठेवणारा माणूस या धंद्यात उपाशी राहतो, याला एकटं सरकार जबाबदार नाही.

सरकारही काही कमी नाही. सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं १९९७ साली. चिपीचा विमानतळ उघडला २०२१ साली. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे आणि अजून चालूच आहे. आमच्या दारातला समृद्धी मात्र २०२२ मध्ये अर्ध्याहून अधिक उघडला आणि २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला. मालवणच्या राजकोटला महाराजांचा पुतळा उभा केला ४ डिसेंबर २०२३ ला. तो २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, पुरते नऊ महिनेही उभा राहिला नाही. आणि किनाऱ्यावरचा जीवरक्षक? गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची फळी उभी केली. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या नाहीतर नगरपालिकेच्या गळ्यात. फीत कापता येते अशा वस्तूंवर पैसा आहे. शिट्टी घेऊन उन्हात उभ्या राहणाऱ्या पोराच्या पगाराची फीत कापता येत नाही.

रस्त्याचा विषय निघालाच आहे म्हणून. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धीवरच्या आमच्या जांबरगाव टोलनाक्याजवळ सैलानीबाबाचं दर्शन करून परतणाऱ्या नाशिककडच्या भाविकांची मिनीबस ट्रकवर आदळली. १२ माणसं गेली. त्यानंतर पंधरा दिवस वैजापुरात 'रात्रीचा प्रवास वाईट' असं सगळे म्हणत होते. दिवाळीच्या सहलीच्या गाड्या रात्रीच निघाल्या. दिवसा निघालं तर एक मुक्काम वाढतो आणि माणशी खर्च चढतो. चालक एकच, पाच दिवस तोच, आणि तो झोपतो केव्हा हा प्रश्न विचारणारा माणूस गाडीत रडका ठरतो.

स्कुबाबद्दल लोक फार रंगवून सांगतात. तोंडात नळी, डोळ्या-नाकावर मास्क, मागून एक पोरगं मानगूट धरून पाण्याखाली दाबतं आणि पावाचे तुकडे टाकून जमवलेले मासे डोळ्यांपुढून फिरवतं. दहा-पंधरा मिनिटं. वर आलं की पेनड्राईव्ह हातात. १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य इथेच आहे, खडकाला धरून प्रवाळ वाढतं, ते हाताला लागलं की मोडतं, यातलं काही त्या पोराने सांगितलं तरी ऐकायला कान पाण्याबाहेर नसतात. मी काही पर्यावरणवादी नाही, मला प्रवाळाची नावंही सांगता येणार नाहीत. पण पाव खाणारे मासे बघायला समुद्र कशाला? ते काचेच्या पेटीतही दिसतात.

वाळूवर गाड्या घालायचा नवा छंद लागला आहे. मोठी काळी गाडी, काचा काळ्या, मागे कुठल्यातरी सेनेचं नाव. ती ओल्या वाळूवर गोल फिरवायची, व्हिडिओ काढायचा. भरती आली की चाकं रुततात. मग ट्रॅक्टर शोधायचा आणि ट्रॅक्टरवाल्याने जास्त मागितले म्हणून 'कोकणी माणूस लुटतो' अशी बोंब मारत परत यायचं. नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने ऑलिव्ह रिडले कासवं वेळासपासून वेंगुर्ल्याच्या वायंगणीपर्यंत याच किनाऱ्यांवर वाळूत अंडी घालतात. तिथली माणसं रात्री जागून ती घरटी राखतात. आमची गाडी त्यावरून जाते तेव्हा टायरला काही लागत नाही, इतकी ती अंडी मऊ असतात.

रापण लागलेली असते. होडीने अर्धगोल फिरून जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर धरून वीस-पंचवीस माणसं छातीभर पाण्यातून ते ओढत असतात. म्हातारे असतात, शाळेतून आलेली पोरं असतात. हे त्यांचं शेत. पर्ससीनवाल्यांनी आणि रात्री दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्यांनी बाहेरचं बाहेर समुद्र खरवडून नेलेला, त्यामुळे रापणीत कधी पाच टोपल्या, कधी नुसता कचरा. त्या कचऱ्यात आमच्या पाण्याच्या बाटल्या असतात. आमची माणसं दोरावर पाय देऊन उभी राहतात, 'भाऊ, एक मिनिट थांबा, फोटो' म्हणतात. मी विचारतो, पेरणीच्या दिवशी पाभरीपुढे मुंबईचा एखादा माणूस असा आडवा उभा राहिला, तर वैजापूर तालुक्यात त्याचं काय होईल? सगळ्यांना ठाऊक आहे काय होईल.

गोव्याबद्दल थोडक्यात. आमच्या पोरांना गोवा म्हणजे कर कमी असलेलं दुकान वाटतं. २०१९ मध्ये तिथल्या सरकारला कायदा दुरुस्त करून किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणाऱ्याला आणि चूल मांडणाऱ्याला दोन हजार रुपये, आणि टोळक्याला दहा हजार रुपये दंड ठेवावा लागला. कुणामुळे, ते वेगळं सांगायला नको. सिलिंडर कुणाच्या गाडीत असतो?

त्या सिलिंडरवरून आठवलं. मोठ्या गाडीत आचारी असतो. घरगुती सहलीत, म्हणजे दोन भावांची कुटुंबं एका भाड्याच्या गाडीत असतात तेव्हा, आचारी वहिनी असतात. पुरुष लाटांत, पोरं लाटांत, आणि वहिनी सुरूच्या झाडाखाली वाऱ्याने विझणारी शेगडी पदराच्या आडोशाला धरून पोहे परततात. त्यांच्या निवांत क्षणांचं काय झालं, हे त्या जाहिरातीला विचारा. संध्याकाळी कधीतरी त्या दोघी जावा साडी घोट्याच्या वर धरून पाण्याच्या कडेला उभ्या राहतात, तेवढ्यात हाक येते, 'अगं, पोराचा टॉवेल कुठंय?' सबंध गाडीत समुद्राला नमस्कार करून ओंजळभर पाणी डोक्याला लावणाऱ्या म्हाताऱ्या आजी तेवढ्या खऱ्या अर्थाने समुद्राला भेटतात. नंतर त्याच आजी निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी, गाठ मारून, भक्तिभावाने पाण्यात सोडतात. एकाही पिढीला मी सूट देणार नाही.

कुणी म्हणेल, आमच्या माणसाला शिस्तच नाही, संस्कारच नाहीत. हे साफ खोटं आहे. गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह ज्याने पाहिला असेल, त्याने असं बोलू नये. लाखांची पंगत बसते. गावोगावहून भाकरी येतात, आमटी तिथे शिजते, वाढपी पळत वाढतात, आणि लोक सांडत नाहीत, टाकत नाहीत. तिथे पत्रावळ उचलणारा माणूस आणि तारकर्लीत बिअरची बाटली वाळूत खोचणारा माणूस एकच आहे. मी दोन्हीकडे त्याला नावानिशी ओळखतो. सप्ताहात तो सेवेकरी असतो, पैसा न घेता राबायला गेलेला. किनाऱ्यावर तो गिऱ्हाईक असतो. पावती हातात आली की त्याच्यातला सेवेकरी संपतो, आणि ही पावती त्याच्या हातात देणाऱ्या, 'आपण फक्त एन्जॉय करा, बाकी आमच्यावर सोडा' म्हणणाऱ्या सहलवाल्याने ते घडवून आणलेलं असतं. बाकी म्हणजे काय? कचरा, आवाज, सांडपाणी, बुडालेलं पोर. ते तो सहलवाला बघत नाही. ते देवबागच्या आणि वायरीच्या लोकांवर सोडलेलं असतं.

हे सगळं मी पारावर बोललो की हुकमाचं पान काढलं जातं. 'सर, आपण जातो म्हणून त्यांची चूल पेटते.'

हे वाक्य मी वैजापूरच्या बाजार समितीत शेकडो वेळा ऐकलं आहे. कांद्याच्या ट्रॉलीवर उभा राहून, मूठभर माल चोळत, व्यापारी हेच म्हणतो. आम्ही घेतो म्हणून विकतो तुमचा, नाहीतर रस्त्यावर ओतला असता. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली आणि भाव पडले, तेव्हा शहरातला माणूसही हेच म्हणाला, तुम्ही पिकवता ते शेवटी आम्हीच खातो ना? त्या वेळी आमच्या माणसांनी लिलाव बंद पाडले, रस्त्यावर कांदे ओतले, आणि बरोबर केलं. कांद्यामागचं बी, मजूर, वीज, चाळीत सडलेला तिसरा हिस्सा न बघता भाव ठरवणाऱ्याला चार शब्द सुनावण्याचा त्यांचा हक्कच आहे.

आता तोच माणूस मालवणच्या मासळी बाजारात बघा. आचाऱ्याच्या शेवभाजीला कंटाळलेली चार पोरं त्याने सोबत घेतली आहेत. समोर टोपली घेऊन बसलेली बाई. तिच्या सुरमईमागे डिझेल आहे, फाटलेलं जाळं आहे, पर्ससीनवाल्यांनी नेलेला वाटा आहे, रिकाम्या आलेल्या चार फेऱ्या आहेत. हा हिशोब न सांगता कळेल असा महाराष्ट्रात कुणी असेल तर तो कांदा पिकवणारा. तो काय करतो? मासा शेपटीला धरून उचलतो, वास घेतो, नाक मुरडतो, 'एवढ्याशाचे एवढे?' म्हणतो, चार पावलं पुढे जाऊन परत येतो. 'मावशी, शेवटचं बोला.' पन्नास रुपये पाडून घेतो. आणि ते कसे पाडले, हे गाडीतल्या सगळ्यांना कोल्हापूर येईपर्यंत सांगत राहतो.